१८० जीबीचा फोल्डर १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत डिझाइनचं काम करता आणि ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं’ म्हणून ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरचा बॅकअपही तुमच्याच गळ्यात आला आहे. सर्व्हरवरचा फोल्डर १८० जीबीचा, आणि मालकांनी दिलेला पेनड्राइव्ह १२८ जीबीचा. झिप केल्यावर १५१ जीबी झालं. तुम्ही विचारलंय, सगळ्यात जास्त दाबणारी कमांड कोणती? सोबत तीन अडचणी लिहिल्या आहेत: पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही, सीएंच्या जुन्या मशीनवर मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात, आणि पासवर्ड कसा घालावा ते कळत नाही.

मी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या छोट्या कारखान्यांचे सर्व्हर गेली २२ वर्षं सांभाळतो, त्यामुळे तुमचा फोल्डर न बघताही आत काय असेल याचा अंदाज करू शकतो. पॅटर्नची ड्रॉइंग, सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम, हिशेबाच्या डेटाबेसचे डंप (म्हणजे डेटाबेस मजकुराच्या फाइलीत उतरवलेला), कास्टिंगच्या रिजेक्शनचे फोटो, गिऱ्हाइकाला पाठवलेले व्हिडिओ आणि पीडीएफ. कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची.

आधी तुमचेच आकडे बघू. १८० चे १५१ झाले, म्हणजे २९ जीबी वाचले. ड्रॉइंग, प्रोग्रॅम, डंप असला मजकुरासारखा डेटा झिपमध्ये साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो असं धरा. मग २९ जीबी वाचायला असा डेटा मुळात ३६ जीबीच्या आसपास असला पाहिजे. तो आता ७ जीबीवर आला आहे, आणि उरलेले १४४ जीबी फोटो-व्हिडिओसारखे, न दबणारे. आता तुम्ही जगातली सगळ्यात कडक कमांड वापरलीत आणि त्या ७ जीबीचे साडेतीन केलेत, तरी एकूण बेरीज १४७ च्या पुढेच राहते. १२८ मध्ये ती बसणार नाही. माझा पाचवा हिस्सा हा अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी उत्तर बदलत नाही. म्हणून रात्रभर वेगवेगळ्या कमांड चालवून बघू नका.

एक शक्यता मात्र उरते. झिप प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबतं. एकच व्हिडिओ पाच फोल्डरांत पाच वेळा ठेवला असेल, तर झिपमध्येही तो पाच वेळाच जातो. आपल्याकडच्या कारखान्यांत हे सर्रास असतं. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘नवीन फायनल’, ‘साहेबांना पाठवलेलं’ अशा चार फोल्डरांत तेच फोटो पडलेले असतात. तेव्हा पहिलं काम मोजणीचं. ‘डीयू -एसएच’ पुढे तारा, म्हणजे * हे चिन्ह, देऊन कुठला फोल्डर किती जागा खातो ते बघा. ‘एनसीडीयू’ टाकून घेतलंत तर तेच काम आत-बाहेर फिरत करता येतं. मग ‘एफड्युप्स -आर’ ही कमांड चालवा. ती नावं न बघता फाइलींचा मजकूर ताडून एकसारख्या प्रतींची यादी देते. फक्त यादी घ्या, लगेच पुसू नका. कुठली प्रत कोण वापरतो हे त्या त्या विभागाला विचारूनच ठरवा. १५१ वरून १२८ वर यायला लागणारे २३ जीबी वाचायचे असतील तर ते इथंच वाचतील.

फोटो दबत का नाहीत, हे एकदा नीट समजलं की पुढचे निर्णय आपोआप सुचतात. दाबणं म्हणजे पुनरावृत्ती शोधणं. झिव्ह आणि लेम्पेल यांनी १९७७ साली मांडलेली पद्धत आजही झिप, जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड या दाबणाऱ्या सगळ्या साधनांच्या मुळाशी आहे. एखादा तुकडा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा लिहायचा नाही. ‘इतकं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल’ एवढीच खूण ठेवायची. त्यावर, वारंवार येणाऱ्या चिन्हांना छोटा संकेत आणि क्वचित येणाऱ्यांना मोठा, ही हफमन यांची १९५२ ची युक्ती. जीझिप आणि झिप या दोन्ही मिळून वापरतात. जेपीजी फोटो आणि एमपी४ व्हिडिओ तयार होतानाच असे पिळले जातात की त्यांत पुनरावृत्ती उरतच नाही. वर्डच्या डॉकएक्स आणि एक्सेलच्या एक्सएलएसएक्स फाइली तर मुळातच झिप असतात. पीडीएफच्या आतला मजकूरही बहुतेक वेळा दाबलेला असतो. गुऱ्हाळात चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घातलं तर रस निघत नाही, तसंच हे.

याउलट सीएनसीचा जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांचा मजकूर, बघा. ओळीमागून ओळ जी०१, एक्स, वाय, एफ. पुनरावृत्तीच पुनरावृत्ती. ड्रॉइंगच्या डीएक्सएफ आणि स्टेप फाइलीही आतून साधा मजकूरच असतात. डेटाबेसच्या डंपमध्ये ‘इन्सर्ट इन्टू’ लाखो वेळा येतं. दाबायचा माल तो हा.

मराठी मजकुराबद्दल इथं एक सांगावंसं वाटतं, कारण आपल्या लोकांच्या लक्षात हे सहसा आणून दिलं जात नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. त्यामुळे ‘मराठीत ठेवलं की जागा तिप्पट जाते, म्हणून नोंदी इंग्रजीत ठेवा’ असं सांगणारे मी कारखान्यांत बघितले आहेत. पण त्या तीन बाइटांतला पहिला देवनागरीत कायम एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. खरी माहिती जवळपास तिसऱ्या बाइटातच असते. दाबणारं कुठलंही साधन हे पहिल्या काही ओळींतच ओळखतं आणि तो फुगवटा बहुतेक काढून टाकतं. हजेरी, गेटपासच्या नोंदी, स्टोअरचं रजिस्टर बिनधास्त मराठीत ठेवा. बॅकअप त्यामुळे फुगत नाही.

आता साधनांकडे. लिनक्सवर दोन कामं वेगळी धरतात. टार हे मोळी बांधतं. हजार फाइली, त्यांची नावं, तारखा, परवानग्या एका गाठीत. दाबत काहीच नाही. त्याचं नावच टेप आर्काइव्ह, १९७९ च्या युनिक्सपासूनचं, टेपवर सलग लिहायला केलेलं. मोळी बांधली की ती जीझिप किंवा दुसऱ्या कोणाकडे दाबायला द्यायची. झिप ही दोन्ही कामं एकदम करतं, पण प्रत्येक फाइल आधी दाबून मग गठ्ठ्यात टाकतं आणि शेवटी यादी जोडतं. यात झिपचा एक मोठा फायदा आहे: यादी बघून नेमकी एकच फाइल पटकन काढता येते. टार दाबलेलं असेल तर एका फाइलीसाठीही सुरुवातीपासून वाचत जावं लागतं. तोटा मगाशी सांगितला तोच, झिपला दोन फाइलींमधलं साम्य दिसत नाही.

आणि हे साम्य तुमच्याकडे भरपूर आहे. एकाच पार्टच्या प्रोग्रॅमची रिव्हिजन ३ आणि रिव्हिजन ४ यांत दहा ओळींचा फरक असतो, बाकी २-३ एमबी तंतोतंत तेच. पण ते साम्य दिसायला साधनाला तितकं मागचं आठवावं लागतं. जीझिपला फक्त ३२ केबी मागचं आठवतं. म्हणजे टार करून जीझिपला दिलं तरी मागच्या फाइलीची जेमतेम शेपटीच त्याच्या नजरेत असते. एक्सझेडला दाबण्याच्या नेहमीच्या ६ नंबरच्या पातळीवर ८ एमबी आठवतं, ९ वर ६४ एमबी. झेडस्टँडर्डला ‘--लाँग=२७’ दिलं तर १२८ एमबी. तुमच्यासारख्या, रिव्हिजनवर रिव्हिजन साठत जाणाऱ्या फोल्डरात पातळीच्या आकड्यापेक्षा ही आठवण जास्त कामाची. म्हणून एकाच पार्टच्या रिव्हिजन एकाच फोल्डरात ठेवा, म्हणजे मोळीतही त्या शेजारी-शेजारी येतील.

कोणतं साधन केव्हा, हे परिस्थितीवर आहे. फाइल कुठेही, कुठल्याही जुन्या यंत्रावर उघडली पाहिजे, तर जीझिप. १९९२ पासूनचं आहे, लिनक्सच्या कुठल्याही यंत्रावर सापडतं, विंडोजवरही सहज उघडतं. एकदा दाबून वर्षानुवर्षं ठेवायचंय, आकार लहानात लहान हवा आणि वेळेची फिकीर नाही, तर एक्सझेड. मात्र ९ नंबरला त्याला दाबताना सुमारे ६७४ एमबी मेमरी लागते, आणि प्रोसेसरचे सगळे कोअर वापरायला लावलं की ती त्या पटीत वाढते. जुन्या सर्व्हरवर दिवसाढवळ्या हे केलंत तर डिझाइनवाल्यांची मशीनं अडकतील. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मार्च २०२४ मध्ये कोणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला होता, त्यामुळे ते वापरावं का असं बरेचजण विचारतात. दोष त्या दोन आवृत्त्यांतल्या प्रोग्रॅमचा होता, फाइलीच्या पद्धतीचा नव्हता. आवृत्ती तपासा आणि वापरा. बीझिप२ हे दाबायचं आणखी एक जुनं साधन, ते मी नव्या कामाला घेत नाही.

रोजच्या कामाला मी झेडस्टँडर्ड वापरतो, कमांडचं नाव झेडएसटीडी. यान कोले यांनी फेसबुकमध्ये असताना ते लिहिलं आणि २०१६ मध्ये खुलं झालं. जीझिपपेक्षा बरंच वेगवान आणि सहसा दाबतंही जास्त. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कितव्याही पातळीला दाबलं तरी उघडायचा वेग जवळपास तेवढाच राहतो. बॅकअप उघडायची वेळ येते तेव्हा दुकान बंद असतं, मालक पाठीशी उभे असतात, मशीनवर माणसं रिकामी बसलेली असतात. तेव्हा तासाभराचा फरक फार मोठा असतो.

तुमच्या फोल्डरचे मी दोन भाग करीन. ड्रॉइंग, प्रोग्रॅम, डंप हा एक. फोटो-व्हिडिओ-पीडीएफ हा दुसरा. पहिल्याला ही कमांड:

टार --फॉरमॅट=पॅक्स -सीएफ - ड्रॉइंग | झेडएसटीडी -टी० -१० --लाँग=२७ -ओ ड्रॉइंग.टार.झेडएसटी

‘-टी०’ मधला टी मोठ्या लिपीतला. त्याने सगळे कोअर कामाला लागतात. दुसऱ्या भागाला दाबूच नका. ‘आरसिंक’ने जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवा. पुढच्या वेळी फक्त नवे आणि बदललेले फोटो जातील, १४४ जीबी पुन्हा हलवायला लागणार नाही. आणि मालकांना सांगा की १ टीबीची साधी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. पेनड्राइव्ह ही कायमची साठवण नव्हे. तो खिशात फिरतो, हरवतो, आणि जाताना सांगून जात नाही. एका नाही, दोन डिस्क घ्या, एक कारखान्यात आणि एक घरी.

या साधनांच्या बाबतीत दोन ठिकाणी हात पोळतात. पहिलं, ‘-सीएफ’ नंतर लगेच येणारं नाव हे नव्या तयार होणाऱ्या फाइलीचं असतं. ते लिहायला विसरलात आणि थेट दाबायच्या फाइलींची यादी दिलीत, तर यादीतली पहिली फाइल न विचारता पुसली जाते आणि तिच्या जागी मोळी तयार होते. एंटर मारण्याआधी एकदा बोट ठेवून वाचा. दुसरं, जीझिप, बीझिप२ आणि एक्सझेड काम झालं की मूळ फाइल काढून टाकतात. मूळ ठेवायची असेल तर ‘-के’ द्यावं लागतं. झेडस्टँडर्ड उलट, आपण सांगितल्याशिवाय मूळ फाइलीला हात लावत नाही. चार साधनांची सवय एकाच हाताला असली की इथं गफलत होते.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या सखल भागातलं एक वर्कशॉप पाण्याखाली गेलं. सर्व्हर तीन-चार दिवस पाण्यात होता. बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर होती, कोरडी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाणी ओसरल्यावर मी ती डिस्क लावली, महिन्याची टार-जीझेड फाइल उघडायला घेतली, आणि मधेच ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल’ आलं. त्याच्या आधीच्या महिन्याची घेतली, तेच. त्याच्या आधीची, तेच. डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच भरली होती. बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी, मी लिहिली होती; ती दर महिन्याला सगळ्यात जुनी फाइल पुसून नव्या नावाची फाइल बनवायला घ्यायची, जागा संपली की तुकडा तसाच सोडायची, आणि कोणाला काही कळवायची नाही. फाइल दिसत होती, तारीख बरोबर होती, आकारही भरघोस होता. आत अर्धीच मोळी होती. जिथवर लिहिलं गेलं होतं तिथवरच्या फाइली निघाल्या. जीझिप सुरुवातीपासून सलग वाचत जातं, त्यामुळे तुटलेल्या जागेपर्यंतचं हाती लागतं, पुढचं नाही. त्या वर्कशॉपची तीन वर्षांची ड्रॉइंग कागदावरून आणि गिऱ्हाइकांकडून परत मागवून पुन्हा बसवावी लागली. ती चूक माझी होती. त्या माणसांनी मला एका शब्दाने दुखावलं नाही, म्हणून ती अजून जास्त लक्षात आहे.

तेव्हापासून मी दाबण्याची कमांड एकटी कधीच चालवत नाही. स्क्रिप्टच्या वरच ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहितो. याचं कारण असं: डंप काढणारी कमांड पुढे झेडएसटीडीकडे जोडली असेल आणि डंपच मधे फसला, तरी शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, फक्त शेवटच्या कमांडचा निकाल दिसतो. शेवटच्या कमांडने आलेलं अर्धं नीट दाबलेलं असतं, म्हणून निकाल ‘यशस्वी’ येतो. पाइपफेलमुळे साखळीत कुठंही फसलं तरी ते अपयश धरलं जातं. मग ‘झेडएसटीडी -टी’ ने फाइल शेवटपर्यंत उघडते का ते तपासतो. हा टी लहान. जीझिप आणि एक्सझेडलाही हाच ‘-टी’ चालतो. त्यानंतर ‘एसएचए२५६सम’ ने फाइलीचा ठसा काढून शेजारी ठेवतो, म्हणजे डिस्कवर उतरवताना किंवा पुढे पडून राहताना एक बाइट जरी बदलला तरी ताडून कळतं. आणि हे सगळं झाल्यावरच जुनी प्रत काढतो. दर महिन्याला एक दिवस ठरवून जुन्या मोळीतली कुठलीही चार ड्रॉइंग दुसऱ्या मशीनवर उघडून बघतो. ‘-टी’ फाइल धड आहे का एवढंच सांगतं. आत योग्य फोल्डर गेलाय का, हे ड्रॉइंग उघडल्यावरच कळतं.

म्हणून तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात खटकलं ते हे की त्यात उघडण्याबद्दल एकही ओळ नाही. ते आता सांगतो.

उघडायच्या आधी यादी बघा: ‘टार -टीएफ’ आणि फाइलीचं नाव. सगळं एका फोल्डरात आहे की हजार फाइली मोकळ्या पसरणार आहेत ते कळतं. मग नवा रिकामा फोल्डर करून त्यात ‘टार -एक्सएफ मोळी -सी फोल्डर’ असं उघडा. हा ‘-सी’ मोठ्या लिपीतला. चालू कामाच्या फोल्डरात थेट उघडलंत तर त्याच नावाच्या आजच्या फाइलीवर मागच्या महिन्याची बसते, आणि टार त्याबद्दल विचारत नाही. जीझेड आहे का एक्सझेड हे लिनक्सचा टार उघडताना स्वतःच ओळखतो, वेगळं सांगावं लागत नाही. एकच ड्रॉइंग हवं असेल तर यादीत दिसतं तसंच पूर्ण नाव शेवटी लिहा, तेवढंच निघेल. नुसता शब्द शोधायचा असेल तर उघडायचीही गरज नाही. जीझिपने दाबलेल्या मजकुरातून ‘झेडग्रेप’ शोधतो, ‘झेडलेस’ दाखवतो.

उघडल्यावर किती जागा लागेल हे आधी बघायला ‘जीझिप -एल’ आहे, पण त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. जीझिपच्या फाइलीत मूळ आकार लिहायला चारच बाइट आहेत, म्हणून ४ जीबीच्या वर तो आकडा पुन्हा शून्यापासून मोजला जातो. १.१२ च्या आधीच्या आवृत्त्या तोच चुकीचा आकडा दाखवतात. मोठ्या फाइलीला ‘झेडकॅट’चा निकाल ‘डब्ल्यूसी -सी’ ला देऊन प्रत्यक्ष मोजा. अनोळखी मेलवरून आलेली झिप कंपनीच्या सर्व्हरवर उघडूच नका. ‘४२.झिप’ नावाची एक प्रसिद्ध फाइल आहे, दिसायला ४२ केबीची, आतल्या थरांसकट पूर्ण उलगडली तर ४.५ पेटाबाइट, म्हणजे सुमारे ४५ लाख जीबी.

राहिल्या तुमच्या तीन अडचणी. ४ जीबीची अडचण दाबण्याची नाही, पेनड्राइव्हच्या फॅट३२ मांडणीची आहे. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि आजचं लिनक्स दोन्हींना तो वाचता येतो. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामा करून घ्या. फॉरमॅट करता येत नसेल तर ‘स्प्लिट -बी ४०००एम’ ने तुकडे करा आणि उघडताना ‘कॅट’ ने क्रमाने जोडा. तुकड्यांतला एक हरवला तरी पुढचं सगळं जातं, म्हणून हा नाइलाजाचा मार्ग.

मराठी नावं बिघडतात कारण झिपच्या मूळ रचनेत नावांसाठी जुनी इंग्रजी वर्णसूची धरलेली होती. ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे’ अशी खूण नंतर आली, आणि जुनी सॉफ्टवेअर ती बघत नाहीत. टारला वर ‘--फॉरमॅट=पॅक्स’ दिलंय ते यासाठीच; त्यात देवनागरी नाव यूटीएफ-८ म्हणूनच नोंदलं जातं. अजून एक: लिनक्सवर फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे. देवनागरीत चिन्हाला तीन बाइट, म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांटीही त्यात मोजली जाते. गिऱ्हाइकाचं नाव, पार्टचं नाव, तारीख आणि शेरा असं सगळं एकाच नावात मराठीत कोंबलंत तर ही मर्यादा लवकर येते. तारीख आणि शेरा फोल्डरच्या नावात न्या.

सीएंना पाठवायचा गठ्ठा लहान असतो आणि त्यांच्याकडे विंडोज आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आत बसवूनच येतो, पण त्यांना कमांड लिहायला लावू नका, आणि झेडएसटी तिथं उघडेलच असंही नाही. त्यांच्यासाठी सेव्हन-झिप वापरा: ‘७झेड ए -पी -एमएचई=ऑन’, पुढे गठ्ठ्याचं नाव आणि फोल्डर. सेव्हन-झेडमध्ये नावं युनिकोडमध्येच जातात, त्यामुळे मराठी बिघडत नाही. ‘-पी’ नंतर पासवर्ड तिथंच लिहू नका, नाहीतर तो शेलच्या इतिहासात उरतो. मोकळं सोडलंत तर तो विचारून घेतो. ‘-एमएचई=ऑन’ मुळे फाइलींची नावंसुद्धा झाकली जातात, आणि कुलूप एईएस-२५६ या मजबूत पद्धतीचं असतं. झिपचा जुना, साधा पासवर्ड कमकुवत आहे, पगाराच्या याद्यांसाठी तो वापरू नका. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून पाठवू नका, फोनवर सांगा. आणि एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून मालकांच्या कपाटात ठेवा, कारण उद्या तुम्ही दुसरीकडे कामाला लागलात तर त्या फाइली उघडायला कोणालाही दुसरा मार्ग नाही.

‘डीयू’ आणि ‘एफड्युप्स’ चालवून आलेले आकडे इथं टाका. दुबार प्रती २३ जीबीपेक्षा चांगल्याच जास्त निघाल्या तर तुमचा १२८ चा पेनड्राइव्हही कामाला येईल, आणि मग कुठला फोल्डर आधी घ्यायचा ते बघू.